आवाज नेमका कुठे फुटू द्यायचा

आमच्या खानदेशात, अमळनेरकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. गेल्या वर्षी शेताच्या हिश्श्यावरून घरात बोलाचाली झाली आणि सुरतेची ताई आलीच नाही. वडिलांनी झोका बांधून ठेवला होता. पावसाळा लागेपर्यंत तो कुणी सोडला नाही. त्यावर मी एक गाणं केलं, इमो पद्धतीचं, म्हणजे गळा दाटून येतो तसं उघडपणे गायचं रॉक. दोन गिटार, ड्रम आणि माझा गळा. चाल एका रात्रीत बसली, पण ते गायचं कसं हे कळायला वर्ष गेलं. मराठीत असं गाताना गळा कसा वापरायचा हे सांगणारं मला काही सापडलं नाही, म्हणून जे हाताला लागलं ते लिहितोय.

सुरुवात गाऊन करू नका, बोलून करा. फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि ज्या माणसाला ते सांगायचंय, तो समोर बसलाय असं धरून ओळ बोला. पुस्तकी मराठी नको, घरात बोलता ती भाषा. मी अहिराणीत बोललो: 'ताई, झोका बांधेल शे, तू ये ना.' नंतर ऐकलं तर 'झोका बांधेल शे' मी दुकानात भाव सांगतो तसं सपाट बोललो होतो. 'तू'च्या आधी श्वास अडकला होता आणि 'ये'वर आवाज बारीक होऊन चिरला होता. तोवर मी ती अख्खी ओळ ओरडून गात होतो. दुखत होतं ते एका अक्षरात, आणि मी ते बाकीच्या अक्षरांच्या आवाजात बुडवत होतो.

इमो गाण्याची ही पद्धत निघाली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात, 1980च्या दशकाच्या मध्यावर, हार्डकोर पंक या वेगवान, ओरडून गायच्या रॉकमधून. राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडचा पहिला अल्बम 1985चा. त्यांचा गायक गी पिचोटो रागाच्या गाण्यात रडवेला होतो, ओळ पुरती सुरात बसायच्या आत गळा दाटतो. मला ते पहिल्यांदा ऐकताना परकं वाटलं नाही. आमच्याकडे मयतीला बायका हेल काढून, गेलेल्या माणसाच्या एकेक आठवणी सांगत रडतात. तो हेल खाली उतरत येतो, मध्येच तुटतो आणि आत ओढलेल्या श्वासानंतर पुन्हा सुरू होतो. ते कुणाची नक्कल म्हणून घेऊ नका, पण श्वास कुठे तुटतो ते कान देऊन ऐकलेलं असेल तर उपयोगी पडतं.

आता गळ्याकडे. हवेचा आवाज सगळ्यात सोपा वाटतो: निम्मा सूर, निम्मा श्वास. त्यात हवा लवकर संपते, म्हणून ओळ लहान ठेवा आणि माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर घ्या. साध्या कार्डिऑइड माइकला, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या माइकला, जवळून गायलं की खर्ज वाढतो आणि आवाज कानाशी येतो. कडव्याच्या पहिल्या दोन ओळींना हा पुरे. सगळं गाणं असंच गायलं तर ऐकणारा थकतो.

रडवेल्या आवाजासाठी कुत्र्याचं पिल्लू दाराबाहेर कण्हतं तसं तोंड मिटून बारीक 'ऊं ऊं' करा. घशाची घाटी किंचित पुढे कलल्यासारखी वाटेल आणि सूर पातळ, गोड होईल. तोच घसा तसाच ठेवून शब्द म्हणा. जोर लागला तर चुकतंय.

आणि फुटणारा आवाज. मला सगळ्यात जास्त वेळ इथे लागला. खालून वर 'आ' हळूहळू सरकवत न्या. एका जागी छातीचा आवाज सुटतो आणि पातळ आवाज लागतो. शास्त्रीय शिकलेले लोक हा सांधा बुजवायला वर्षानुवर्षं मेहनत करतात. आपल्याला तो उघडा हवाय. हार्मोनियमवर बघितलं तर माझा सांधा मधल्या सप्तकात पांढरी चारवर, म्हणजे एफवर आहे. माझं गाणं ई मायनरमध्ये होतं, 'ये' हा शब्द ईवर, म्हणजे पांढरी तीनवर यायचा आणि तिथून आवाज सरळ निघून जायचा. गिटारच्या पहिल्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला, सगळं अर्ध्या स्वराने चढलं, 'ये' एफवर आला आणि आपोआप फुटला. तेव्हा आधी स्वतःचा सांधा शोधा आणि मग गाण्याची पट्टी त्याच्याकडे न्या. फुटण्याचं नाटक लगेच कळतं.

मराठीचा एक त्रास आहे. आपल्या ओळी 'आली', 'गेली', 'नाही' अशा 'ई'च्या उच्चारावर संपतात, आणि वरच्या सुरात 'ई' धरला की जबडा आवळतो. माझी ओळ आधी 'ताई आली नाही' अशी संपायची. ती 'ये ना'वर आणली. 'ये'वर आवाज फुटतो आणि 'ना'चा 'आ' चार मात्रा मोकळा धरता येतो.

ओरडण्याबद्दल सावधपणे लिहितो, कारण इथे माझी चूक झाली. एका स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री मी नुसत्या रागाने, घसा आवळून तासभर ओरडलो. नऊ दिवस आवाज गेला, आणि कुजबुजत बोललं तर घशाला आराम मिळतो असं समजून मी कुजबुजत राहिलो. कुजबुजण्याने घसा आणखी ताणला जातो, तेव्हा गप्प बसा. खरं किंचाळणं लहान असतं. धान्याचं पोतं उचलताना 'ह्हं' निघतो ना, तो घशातल्या खऱ्या स्वरपट्ट्यांच्या, म्हणजे ज्यांच्या कंपनाने आपण बोलतो त्यांच्या, वर असलेल्या खोट्या पट्ट्यांचा आवाज. आधी नुसता उसासा, मग त्यात तो खरखराट मिसळा, बोलण्यापेक्षा मोठा करू नका. मोठं करायचं काम माइकचं. खाज, टोचणी, खोकला, काहीही आलं की त्या दिवसापुरतं बंद. सुरुवातीला दिवसाला पाच-सात मिनिटं. नंतर वरच्या पट्टीतला एखादा सूर अगदी हळू गाऊन बघा. तो हळू लागत नसेल, फक्त जोरानेच लागत असेल, तर स्वरपट्ट्यांना सूज आहे. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवून 'ऊ' फुंकत सूर वरखाली करा, आधीही आणि नंतरही. आवाज तीन आठवडे घोगराच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

माझ्या गाण्यात किंचाळणं एकदाच आहे, शेवटच्या ध्रुवपदात, आणि तेही पातळ आवाजाच्या मागे.

पाणी गातानाच्या वेळी प्यायलं तर स्वरपट्ट्यांना लागत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. सकाळपासून पीत राहा. रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी खाऊन लगेच आडवे होऊ नका, आम्ल घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज जड असतो. मी कृषी केंद्रात काम करतो. मे महिन्याच्या शेवटी कपाशीच्या बियाण्याची गर्दी सुरू झाली की दिवसभर बोलून घसा बसतो, म्हणून त्याआधीच रेकॉर्डिंग उरकलं.

हिवाळ्यात एका स्टुडिओत गेलो होतो. तिथल्या माणसाने मला न विचारता सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर लावलं आणि 'ये' इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत झाला. त्याला वाटलं मी बेसूर झालोय. तुम्ही गेलात तर गाण्याआधीच सांगा की कुठला सूर मुद्दाम फुटलाय, आणि त्याला हात लावू देऊ नका. मला ते पैसे आणि तो दिवस दोन्ही परत मिळाले नाहीत.

शेवटी घरीच केलं. तीन भिंतींना गोधड्या, मागे उघडं कपड्यांचं कपाट. कूलरची घरघर माइकमध्ये येते म्हणून कूलर बंद, पंखा बंद, रात्रीचे दोन. सुरत लाइनवरची मालगाडी गेली की थांबायचं. कडवं माइकच्या जवळून, ध्रुवपद एक वीत मागून. ध्रुवपद दोनदा गाऊन एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवलं. फुटलेला 'ये' मात्र एकच, मधोमध, कारण दोन जण एकाच जागी सारखे फुटत नाहीत. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारं साधन, चारास एक ठेवला, त्याहून जास्त दाबलं की श्वास आणि शब्द सारखेच मोठे होतात.

अकराव्या वेळेला जमलं. ताईला फाइल पाठवली. दोन दिवसांनी तिचा फोन आला, गाण्याबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "कूलर बंद करेल व्हता का रे? इतल्या उन्हाळामा?"