घड्याळ न बघता केलेला प्लॅन: एनसीसी ते एसएसबी

एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट हातात आलं आणि खांद्यावर एसयूओची (सीनियर अंडर ऑफिसर, कॅडेटांमधला सगळ्यात वरचा हुद्दा) पट्टी लागली की आपल्याला वाटतं, लीडरशिप तर झाली, आता एसएसबीची, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाची, तारीख तेवढी यायची बाकी. त्यात एनसीसी स्पेशल एन्ट्रीला, म्हणजे ‘सी’वाल्यांच्या अधिकारी भरतीला, लेखी परीक्षा नाही, थेट बोर्डासमोर उभं राहायचं, म्हणून हा समज आणखी फुगतो. बारावीनंतर एनडीएत, म्हणजे लष्करी अकादमीत, जाऊ पाहणाऱ्यांचंही वेगळं नाही. लेखीचे ९०० मार्क मिळवायला दोन वर्षं घासतात आणि एसएसबीच्या ९०० साठी पंधरा दिवसांचा क्लास लावतात. पहिल्या दिवसाच्या चाळणीपासून (स्क्रीनिंग) शेवटच्या कॉन्फरन्सपर्यंत पाच दिवसांत काय काय असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. त्या पंधरा ओएलक्यूंची, म्हणजे अधिकाऱ्यात बघतात त्या गुणांची, यादी पाठ केली असेल तर विसरा, काही बिघडत नाही.

परेडवर खणखणीत आवाजात ‘दाहिने मुड’ म्हटलं की तिन्ही रांगा वळतात. त्यात तुमचा वाटा आवाजाचा. वळायचं कसं हे आधीच ठरलेलं असतं. खरी पंचाईत कॅम्पात होते. सीएटीसीत (वार्षिक कॅम्पात) रात्री कुक हाउसची फटीग, म्हणजे स्वयंपाकघरातलं राबण्याचं काम, सगळ्या दमलेल्या, समोर आपल्याच बॅचच्या पोरी, त्या कशाला ऐकतील? आमच्याकडे एक सीनियर होती, आवाज अगदी बारीक. ती आली, बाह्या वर केल्या आणि खाली भात करपलेलं सगळ्यात मोठं पातेलं स्वतःकडे ओढलं. घासता घासता विचारलं, “पहाटेच्या गार्डवर कोण कोण आहे? त्या चौघींनी आत्ता झोपायला जा.” बाकी कुणाच्याही डोक्यात तो हिशोब आला नव्हता. पुढच्या कामाला कुणीही कुरकुर केली नाही. पातेलं घासलं म्हणून तिचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतील. मला विचाराल तर तिचा मोठेपणा त्या गार्डच्या प्रश्नात होता.

आता ग्रुप प्लॅनिंग एक्सरसाइज, म्हणजे जीपीई: एकदम आलेल्या अडचणींचा प्रसंग देतात, आधी एकट्याने प्लॅन लिहायचा, मग गटात चर्चा. इथे जरा लांबण लावणार आहे, कारण माझी एसएसबीची एक खेप इथेच गेली असं मला वाटतं. एसएसबी कारण कधीच सांगत नाही, पण आपलं आपल्याला कळतं.

क्लासमध्ये शिकवतात: आधी माणसाचा जीव, मग राष्ट्रीय संपत्ती, मग बाकीचं, शेवटी स्वतःचं काम. क्रम ठोका, जागा पटकावा. ऐकायला चोख वाटतं. आता सरावापुरता एक प्रसंग घ्या. तुम्ही आठ कॅडेट, एक जीप, दुपारचे ३ वाजलेत, गावात आहात. गावात एकाला साप चावलाय, दवाखाना १२ किलोमीटरवर. उलट्या दिशेला ४ किलोमीटरवर स्टेशन, तिथून ३.५० ला सुटणाऱ्या पॅसेंजरच्या पुढच्या वाटेवर कुणीतरी रूळ उखडलेत. पाझर तलावाच्या भिंतीला गळती लागलीय आणि खाली वस्ती आहे. मोबाईलला रेंज नाही. रस्ता कच्चा, जीप ताशी ३० च्या वर जात नाही.

पाठांतरवाला लिहितो: जीप घेऊन रुग्णाला दवाखान्यात पोचवू, परत येऊन स्टेशन मास्तरांना कळवू, मग सगळे मिळून तलावाकडे. प्राधान्यक्रम बरोबर, पूर्ण मार्क, असं त्याला वाटतं.

आता घड्याळ लावा. १२ किलोमीटरला २४ मिनिटं, परत यायला २४. गावात आलात ३.४८ ला. स्टेशनला आणखी ८ मिनिटं, म्हणजे ३.५६. गाडी सहा मिनिटांपूर्वी सुटलेली आहे. तुमचा क्रम बरोबर होता आणि गाडी रुळावरून घसरली.

पळणारे दोन कॅडेट निवडा. ताशी ८ किलोमीटरने ४ किलोमीटरला अर्धा तास. ३.३० ला ते स्टेशन मास्तरांसमोर, हातात २० मिनिटं शिल्लक. दोनच का? एकाचा पाय मुरगळला तर दुसरा पोचतो म्हणून. जीपमध्ये चालवणारा एक आणि रुग्णाला सांभाळणारा एक. उरलेले चौघं गावकऱ्यांना घेऊन तलावावर: मातीच्या गोण्या आणि खालची वस्ती हलवणं. ३.४८ ला जीप परत येते तेव्हा तिला काम काय? वस्तीतली म्हातारी माणसं आणि लेकरं हलवायची. हे कागदावर यायला हवं. कुणी म्हणेल, जीप आधी स्टेशनला नेऊ. जरूर मांडा, पण जाऊन-येऊन १६ मिनिटं उशीर होणार, तो साप चावलेल्या माणसाला सोसावा लागणार, हेही सांगा. आणि कृपा करून ‘पायाला दोरी करकचून बांधली’ असं लिहू नका. फर्स्ट एडच्या क्लासात झोपला होता हे तिथल्या तिथे कळतं. चावलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि सरळ दवाखाना गाठायचा.

आणखी एक गंमत सांगते. पुष्कळांच्या प्लॅनमध्ये आठाच्या गटातून दहा माणसं कामाला लागलेली असतात. कागद जमा करण्याआधी माणसं मोजा. हसू नका, तुमचाही एखादा जुना कागद काढून मोजून बघा.

चर्चेतही हेच करायचं. ‘माझा प्लॅन’ रेटायला जाऊ नका. पाचजण एकदम बोलत असताना “पण जीप परत किती वाजता येते?” एवढं विचारणाऱ्याकडे गट वळतो, असं मी दरवेळी पाहिलंय. पीपीडीटीच्या (चित्र बघून गोष्ट लिहायची आणि गटात चर्चा करायची) मच्छी मार्केटमध्ये मात्र हे प्रत्येक वेळी जमेलच असं नाही. तिथे दोनदा नीट बोलायला मिळालं तरी पुष्कळ.

एनसीसीतल्या नकाशावाचनालाही हाच न तपासण्याचा रोग. १:५०,००० चा नकाशा, २ सेंटिमीटरला १ किलोमीटर, हे सगळ्यांना येतं. पण टेकडीवर देऊळ दिसलं की आपण नकाशातल्या पहिल्या देवळावर बोट ठेवतो. अहो, सह्याद्रीत देऊळ नसलेली टेकडी दाखवा! मग ओढा उलटीकडे वाहताना दिसला तरी ‘नकाशा जुना असेल’ म्हणून पुढे. कंपास वापरताना खिशातला मोबाईल आणि बेल्टचं बक्कल लांब ठेवा, सुई फसते. आणि तीन खुणा जुळल्याशिवाय ‘आपण इथे आहोत’ असं म्हणू नका.

क्लासबद्दल माझं मत कडवट आहे, आधीच सांगते. मैदानावरच्या गटाच्या कामांत लागणाऱ्या फळी-बल्ली (लाकडी वासा)-दोरीची सवय करायला पैसे घालवले तर हरकत नाही. प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कमध्ये (गटाने मिळून अडथळे पार करायचे) लाल रंगाला हात लावायचा नाही हे अंगवळणी पडतं. पण तयार उत्तरं देणाऱ्या गुरुजींपासून लांब राहा, मग ते निवृत्त अधिकारी का असेनात. एकाच क्लासची चार पोरं एकाच बोर्डात एकच गोष्ट लिहितात आणि चौघंही घरी येतात. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आमच्या एनसीसी बटालियनच्या उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्या फौजींनी. काहीही सांगायला गेलं की ते एवढंच विचारायचे, “खुद देखा, या किसी ने बताया?” तेव्हा राग यायचा.

इंग्रजीची धास्ती असेल तर ऐका. साताऱ्याच्या सैनिक स्कूलची किंवा संभाजीनगरच्या एसपीआयची (एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था) पोरं गटात असली की आपले हातपाय गार पडतात. पहिल्या दिवशी माझेही पडायचे. त्यांचा सराव चांगला असतो हे खरंच, पण स्नेक रेसमध्ये (सापासारखा जाड दोर धरून गटाने अडथळे ओलांडायची शर्यत) आपल्यामागची मुलगी भिंतीवर अडकली की तिला हात द्यायला इंग्रजी लागत नाही. छोटी वाक्यं बोला, व्याकरण चुकू द्या. कमांड टास्कला, म्हणजे तुम्ही प्रमुख असता त्या कामाला, सबऑर्डिनेट (हाताखालचा साथीदार) निवडताना मात्र मैत्री बघू नका. ज्याला बल्ली धरता येते त्याला बोलवा.

स्क्रीन आउट झालात, म्हणजे पहिल्याच दिवशी चाळणीत गळालात, तर संध्याकाळच्या गाडीत रडू येतंच. येऊ द्या.

सरावासाठी महागडं काही लागत नाही. आपलाच तालुका घ्या: एसटी स्टँड, ग्रामीण रुग्णालय, नदीवरचा पूल, बाजाराचा दिवस, कोणती एसटी किती वाजता जाते. त्यावर एकाने प्रसंग रचायचा, तिघांनी त्यावरचा प्लॅन दहा मिनिटांत लिहायचा. पेनाने, कागदावर, मोबाईल दुसऱ्या खोलीत. मग कागद बदलून घ्या आणि दुसऱ्याच्या प्लॅनमधली एसटी चुकते का ते शोधा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचीच चुकेल.