लॅबची बूट ऑर्डर स्क्रिप्टने बदलायला निघताना

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात मी १४ मशिनची बूट ऑर्डर, म्हणजे मशिन कुठून सुरू व्हायची त्याचा क्रम, एका स्क्रिप्टने बदलली. नेटवर्क पहिलं, विंडोज दुसरं. संध्याकाळी सगळ्या मशिन सर्व्हरवरून उबुंटू लिनक्समध्ये गेल्या. सकाळी लाईट नव्हती, यूपीएस सर्व्हरला जोडलेला नव्हता. लाईट आली, पण सर्व्हर कुणी चालू केला नाही. मशिनना नेटवर्कवर काही सापडलं नाही, त्या विंडोजकडे वळल्या आणि १४ निळे पडदे बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलुपाची, रिकव्हरी की मागत उभे राहिले.

म्हणून सगळ्यात आधी रिकव्हरी की. स्क्रिप्ट उघडायच्याही आधी. प्रत्येक मशिनवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि मॅनेज-बीडीई या बिटलॉकरच्या कमांडला सी ड्राइव्हचं स्टेटस विचारा. ‘आम्ही बिटलॉकर कधी लावलाच नाही’ असं शाळा सांगेल, त्यावर जाऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशिनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि की त्या खात्यात जाऊन बसते. आमच्याकडे ते खातं निवृत्त होऊन पुण्याला गेलेल्या सरांचं होतं. ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. पत्र्यावर पाऊस, फोनवर सर एकेक आकडा सांगतायत, मध्येच विचारतायत, ‘ऐकू येऊलंय काय?’ प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे चुकलेला गट निदान ओळखता तरी येतो. की कागदावर छापा, वर मशिनचा नंबर आणि की आयडी लिहा. एक प्रत हेडमास्तरांच्या कपाटात, एक तुमच्याकडे. त्याच मशिनच्या डेस्कटॉपवर ठेवलेली की काही कामाची नाही.

की हातात आली तरी थांबा, बिटलॉकर सस्पेंड करायचा, म्हणजे थांबवून ठेवायचा, राहिलाय. मॅनेज-बीडीईचं प्रोटेक्टर्स डिसेबल, त्याला रीबूट काउंट जोडून. दोनदा रीस्टार्ट लागणार असेल तर दोन द्या, एक दिला तर दुसऱ्या वेळी कुलूप परत लागतं. सस्पेंड केल्याने डेटा डिक्रिप्ट होत नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. आणि सस्पेंड हा तात्पुरता असतो. नेटवर्कवर अपयश येऊन मग डिस्कवरून बूट होणं हे बिटलॉकर की मागण्याचं माहितीतलं कारण आहे. म्हणजे सर्व्हर बंद असेल त्या दिवशी, महिन्याभरानेसुद्धा, की लागू शकते. पुन्हा सांगतो, की कागदावर हवी.

मग आधीचा क्रम कमांडने वाचून घ्या. विंडोजमध्ये बीसीडीएडिटचं इनम फर्मवेअर, लिनक्समध्ये नुसतं ईएफआयबूटएमजीआर. जे दिसेल ते मशिनच्या नावाने टेक्स्ट फाइलमध्ये टाका. मी टाकलं नव्हतं. घाबरून पाच मशिनवर फर्मवेअर (मशिनचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) डिफॉल्ट केलं, आणि नंतर क्रम पूर्ववत केल्यावर बाकीच्या नऊ सुटल्या, या पाच अडकूनच राहिल्या. डिफॉल्टला हात लावू नका.

मशिन यूईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीच्या फर्मवेअरवर, चालते ना, हे बघा. लिनक्समध्ये सिस फोल्डरातल्या फर्मवेअरखाली ईएफआय दिसलं नाही तर ईएफआयबूटएमजीआर तिथे चालणार नाही. ती मशिन बाजूला काढा आणि एफ२ किंवा डिलीट दाबून हाताने करा.

स्क्रिप्टमध्ये बूट नोंदींचे नंबर ठोकून लिहू नका. एकाच मॉडेलच्या दोन मशिनवर नेटवर्कची नोंद एकीकडे ०००३ आणि दुसरीकडे ०००५ असते. नावावरून नंबर शोधायला लावा. क्रम देताना सगळे नंबर द्या, जो गाळाल तो क्रमातून जातो. पॉवरशेलमधून बीसीडीएडिट चालवत असाल तर महिरपी कंस अवतरणात घाला, नाहीतर कमांड भलतंच समजते.

कायमचा क्रम लगेच बदलू नका. आधी बूटनेक्स्ट, म्हणजे फक्त पुढच्या एका बूटपुरता. एका मशिनवर करा. उबुंटू आलं की बूटनेक्स्ट पुन्हा नेटवर्कवर लावा, सर्व्हरची केबल काढा आणि मशिन पुन्हा चालू करून विंडोज उघडतंय का ते बघा. ही दुसरी चाचणी मी केली नव्हती. एवढी एक केली असती तरी की आदल्या संध्याकाळीच मागितली गेली असती, आणि मुलांचे दोन दिवस वाया गेले नसते.

नंतर बाकीच्या मशिन, तीन-चार करत. रीस्टार्टनंतर क्रम परत वाचा, काही फर्मवेअर स्वतःचाच क्रम पुन्हा लावतात. यूपीएस सर्व्हरला जोडा. बिटलॉकर परत चालू झाला का ते स्टेटसमध्ये बघा. शेवटची बस पकडायच्या आधी कपाट उघडायला लावा आणि कीचे कागद मोजा, १४ हवेत.