पाण्यातले जड धातू मोजताना या चुका टाळा

खानापूरकडच्या विहिरीचं पाणी ॲनोडिक स्ट्रिपिंगला (धातू आधी इलेक्ट्रोडवर बसवून, मग तो पुन्हा विरघळताना येणारा विद्युतप्रवाह मोजायची पद्धत) लावलं, उणे 1.1 व्होल्टच्या आसपास जस्ताचा मोठा पीक (आलेखावरचा उंचवटा) आला, जरा पुढे कॅडमियमचाही दिसला. नवखा लगेच वहीत लिहितो : विहीर दूषित. अहो, आधी पाणी कशानं शेंदलं ते विचारा की! जस्ताचा मुलामा असलेली पत्र्याची बादली सोडली असेल, तर तो पीक बादलीचा. मुलाम्याच्या जस्तात शिसं आणि कॅडमियमही थोडं असतंच. घरात रात्रभर पितळी तोटीत थांबलेलं पाणी धरलं, तर शिसं तोटीचं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा 10 पीपीबी (लिटरला मायक्रोग्रॅम) आणि कॅडमियमची 3. एवढ्याशा आकड्यांत बादलीसुद्धा बोलते.

प्लास्टिकचा पोहरा आणि नायलॉनची दोरी वापरा. पॉलिथिलीनची बाटली 10 टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून अतिशुद्ध पाण्यानं तीनदा खळबळा. तशाच एका बाटलीत शुद्ध पाणी भरून, सॅम्पलला घालाल तेच आम्ल, तेच बफर (पीएच म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घालून ब्लँक, म्हणजे सॅम्पलशिवायची चाचणी, चालवा. ब्लँकशिवायचा आकडा वाचण्यात वेळ घालवू नये.

दुसरी चूक आम्लाची. सॅम्पल टिकावं म्हणून लिटरला 2 मिली तीव्र नायट्रिक घालतात, ते बरोबरच. पुढे 9 मिली सॅम्पलमध्ये पीएच 4.5 चं 1 मोलर ॲसिटेट बफर 1 मिली टाकून निर्धास्त होतात. पाणी मऊ असेल तर ते आम्ल बफरमधलं बहुतेक ॲसिटेट खातं आणि पीएच 3.6 च्या आसपास उतरतो. मग डिपॉझिशनला, म्हणजे धातू इलेक्ट्रोडवर बसवताना, त्यावरच्या बिस्मथच्या थरावर हायड्रोजनचे बुडबुडे धरतात, पीक वेडेवाकडे येतात. उतावळा माणूस डिपॉझिशनच्या 120 सेकंदांचे 300 करतो. बुडबुडे आणखी वाढतात. त्यापेक्षा शुद्ध सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालून पीएच 4.5 वर आणा आणि ब्लँकलाही तेच घाला. पीएच वेगळ्या भांड्यात तपासा, मीटरचा इलेक्ट्रोड सेलमध्ये (मोजणीच्या भांड्यात) बुडवू नका.

पावडरचे रबरी हातमोजे नकोत, त्यांत झिंक ऑक्साइड असतं.

डिपॉझिशननंतर ढवळणं बंद केल्यावर, पीक मोजण्याआधी 10–15 सेकंद थांबा. ढवळण्याचा वेग दर वेळी तोच ठेवा.

ग्लासी कार्बन (बिस्मथच्या थराखालचा इलेक्ट्रोड) 0.05 मायक्रॉन ॲल्युमिनाच्या भुकटीवर आठच्या आकारात घासा.

पहिल्या पावसातलं मार्कंडेय नदीचं गढूळ पाणी थेट लावू नका. त्यातले सेंद्रिय पदार्थ इलेक्ट्रोडवर बसून पीक दाबतात. गाळून यूव्ही डायजेशन करा (अतिनील प्रकाशानं ते पदार्थ तोडा), मग त्याच सेलमध्ये स्टँडर्ड, म्हणजे धातूचं ठरावीक प्रमाण असलेलं द्रावण, दोन-तीनदा घाला. पहिल्याच वेळी पीक दीडपट ते दुप्पट व्हावा, इतकं.