जपानी बोलताना 'माऽ' आणि 'त्सुमारी' जपून वापरा: या चुका टाळा

पुण्यात जपानी शिकवायला लागून मला २१ वर्षं झाली. व्याकरणाच्या चुकांचं आता वाईट वाटत नाही, त्या सुधारतात. शब्द सुचेपर्यंत मुलं मध्ये जे घालतात, ते 'एऽतो', 'आनोऽ', 'माऽ', 'नान्का', त्यांचा मात्र मला खरोखर त्रास होतो. हे शब्द कोणी नीट शिकवत नाही. जपानी भाषेच्या जेएलपीटी या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते, त्यामुळे तिच्या पाच पातळ्यांतली मधली, एन-थ्री, पास झालेल्या मुलालाही सलग अर्धा मिनिट बोलायची सवय नसते. मग मोबाइलवर तीस सेकंदांचा व्हिडिओ दिसतो: हे पाच शब्द वापरा आणि जपानी माणसासारखे बोला. दुसऱ्या दिवशी ते पाचही शब्द वर्गात हजर.

या शब्दांना अर्थ नसतो असं समजून ते कुठेही पेरले जातात, आणि सगळं तिथेच बिघडतं. आपल्या डोक्यात या क्षणी काय चाललंय, हे समोरच्याला त्यांतूनच कळत असतं.

'माऽ' कामाच्या बोलण्यात नको

एका सॉफ्टवेअर कंपनीत मी दुभाषी म्हणून जात असे. सकाळी सातची बैठक, जपानमध्ये तेव्हा साडेदहा. टीममधला एक हुशार मुलगा चाचणीचा अहवाल स्वतः जपानीत देणार होता. तयारी उत्तम होती, मला कौतुक वाटत होतं. पलीकडून प्रश्न आला, चाचणी पूर्ण झाली का? तो म्हणाला, "माऽ, ओवारिमाशिता." 'ओवारिमाशिता' म्हणजे संपली.

पलीकडे शांतता. मग सावकाश प्रश्न आला, "माऽ, तो इइमासु तो?" म्हणजे, 'माऽ' म्हणजे नेमकं काय?

चाचणी शंभर टक्के झाली होती. पण 'माऽ' लावलं की वाक्याचा अर्थ होतो 'झालंय तसं'. आपल्याकडे गवंडी "झालंय तसं काम" म्हणाला तर आपण लगेच गच्चीवर जाऊन बघतो, तेच त्यांनी केलं. एकेक चाचणी उघडून दाखवायला लावली. मुलगा घाबरला आणि घाबरल्यावर त्याच्या तोंडून आणखी तीनदा 'माऽ' गेलं. अर्ध्या तासाची बैठक दीड तास चालली. नंतर तो मला म्हणाला, "सेन्सेइ (म्हणजे बाई), जपानी मालिकेत सगळे म्हणतात हो." म्हणतात, खरं आहे. पण ते मित्राशी बोलताना, किंवा वरिष्ठ माणूस हाताखालच्याशी बोलताना. विक्रेत्याने ग्राहकाला काम झालं का हे सांगताना नाही.

माझ्या वर्गात पहिली दोन वर्षं 'माऽ' बंद आहे. कोणी म्हणेल हे फार कडक झालं. पण तो शब्द नसल्यामुळे कोणाचं अडलेलं मी पाहिलेलं नाही.

मराठीतलं 'म्हणजे' जपानीत नेऊ नका

ही चूक खास आपली. मराठीत आपण 'म्हणजे'ने वाक्य सुरू करतो, मध्ये घालतो, अडलो की पुन्हा घालतो. शब्दकोशात 'म्हणजे'साठी 'त्सुमारी' सापडतं आणि मुलं प्रत्येक वाक्यामागे ते जोडतात. 'त्सुमारी' म्हटलं की जपानी माणूस थांबून ऐकायला लागतो, कारण आता सार येणार. सार येतच नाही, येतो आणखी एक अर्धवट तपशील. तिसऱ्या 'त्सुमारी'ला त्याचा धागा सुटतो.

तुम्हाला हवं असतं ते बहुतेक वेळा 'काय म्हणतात त्याला', आणि त्याला जपानीत जवळजवळ जसाच्या तसा जोड आहे: 'नान् तो इउ का'. हा एक तुकडा पाठ करा. याने मला स्वतःला कितीतरी बैठकांत तारलंय.

'एऽतो' आणि 'आनोऽ' एकच नाहीत

सादानोबु आणि ताकुबो या भाषाशास्त्रज्ञांनी १९९५ साली या दोन शब्दांतला फरक नीट मांडला. सोपं करून सांगायचं तर, मनात हिशोब किंवा शोधाशोध चालू असते तेव्हा 'एऽतो'. काय सांगायचं ते माहीत असतं पण समोरच्याला कसं सांगावं हे जुळवत असतो तेव्हा 'आनोऽ'. म्हणून सात गुणिले आठ किती, याला 'एऽतो' शोभतं. रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवायचं तर "आनोऽ, सुमिमासेन", म्हणजे 'अहो, माफ करा'. मुलाखतीत नाव विचारल्यावर "एऽतो, वाताशी वा..." (एऽतो, मी...) म्हणणारी मुलं दर वर्षी भेटतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हा स्वतःचं नाव आठवतोय.

आणि 'आनोऽ'चा शेवट लांबवा, मग क्षणभर थांबा. घाईत 'आनो काइशा' म्हणालात तर त्याचा अर्थ 'ती कंपनी' असा होतो.

नाम आणि प्रत्यय यांच्यामध्ये अडू नका

'नि' म्हणजे आपलं 'ला'. 'पुणे... एऽतो... नि' असं तोडलं की ऐकणाऱ्याला ठेच लागते. मराठीत आपण 'पुण्या... अं... ला' म्हणतो का? अडलात तर नाम पुन्हा घ्या: "पुणे, एऽतो, पुणे नि". प्रत्यय आठवेपर्यंत वेळही मिळतो.

बाकीच्या थोडक्यात. 'नान्का' (आपलं 'काहीतरी') मैत्रिणींसाठी ठेवा, मुलाखतीत नको. 'ने' आपल्या 'ना'सारखं वाटतं म्हणून प्रत्येक वाक्याच्या शेवटी लावू नका, फार सलगी होते. प्रश्नाला नुसतं "साऽ..." हे उत्तर नाही, त्यातून 'मला काय माहीत' असं ऐकू जातं. 'सो', 'अॅक्च्युअली', 'बेसिकली' हे जपानीत बोलताना पूर्ण बंद. 'उद्या, आपलं, परवा' मधल्या 'आपलं'साठी "आशिता, आ, इइए, आसात्ते देस" म्हणा.

सवय मोडायला माझ्याकडे एकच उपाय आहे. वर्गात माझ्या टेबलावर चिंचोक्यांची वाटी असते. विद्यार्थी एक मिनिट बोलतो, मी प्रत्येक भरतीच्या शब्दाला एक चिंचोका बाजूला काढते. शेवटी तो स्वतः मोजतो. बहुतेकांना आकडा खरा वाटत नाही, म्हणून फोनवरचं ध्वनिमुद्रण ऐकवते. हे आठवड्यातून दोनदा, सहा महिने करावं लागतं. पंधरा दिवसांत होईल का, असं विचारणाऱ्यांना मी नाही म्हणून सांगते.

आणि ऐकू आलं नाही तर मराठी सवयीने "हां?" करू नका. जपानी कानाला ते 'हा?' ऐकू येतं, आणि चढ्या सुरातलं 'हा?' म्हणजे अंगावर जाणं. वरिष्ठांसमोर तर कधीच नको. त्याऐवजी "सुमिमासेन, मोऽ इचिदो ओनेगाइशिमास", म्हणजे 'माफ करा, कृपया पुन्हा एकदा'. लांब आहे, पण तेवढं म्हणेपर्यंत आधीचं वाक्य निम्मं कळलेलंही असतं.