दोन कॉम्प्युटर, एकच कीबोर्ड : केव्हीएम स्विच वापरताना या चुका टाळा

“मामा, मी काय बी केलं नाही, स्क्रीन आपोआप पलटायलीय बघा!” ऐन लग्नसराईत आमच्या दुकानात टायपिंगला येणारी पोरगी ओरडली. मराठी पत्रिका टाइप करता करता तिच्यासमोर मधेच कन्नड पाटीचं डिझाइन उभं राहायचं. तीन दिवस मी त्या केव्हीएम स्विचच्या, म्हणजे दोन कॉम्प्युटर एकाच कीबोर्ड-मॉनिटरवर आळीपाळीनं चालवणाऱ्या डब्याच्या, नावानं बोटं मोडली. चौथ्या दिवशी तिच्याच बोटांकडं बघत बसलो, तेव्हा उलगडा झाला.

बेळगावात डीटीपीचं दुकान चालवायचं तर माझं एका मशीनवर भागत नाही. जुन्या सीपीयूवर विंडोज ७, डिझाइनसाठी जुनं कोरलड्रॉ आणि यूएसबी लॉकवर (यूएसबीत खोचलेल्या किल्लीवर) चालणारं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आहे. ते नव्या मशीनवर नेलं की रुसतं. नव्यावर विंडोज ११, कन्नड टायपिंगचं नुडी, जीएसटी आणि कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरचे अर्ज. एकाच घरची लग्नपत्रिका मराठीत असते आणि त्यांच्याच गाळ्याची पाटी कन्नडात. पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा नियम आल्यापासून तर दिवसातून पन्नासदा इकडून तिकडं उडी मारावी लागते. गाळा दहा बाय आठचा. दोन मॉनिटर, दोन कीबोर्ड मांडले तर गिऱ्हाइकानं प्रूफ कुठं ठेवून वाचायचं? म्हणून केव्हीएम : कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस, तिन्ही एका डब्यात.

हा डबा टीव्हीचं चॅनल बदलावं तसा चालतो, असं लोकांना वाटतं. इथंच घोळ सुरू होतो. साध्या डब्याचं बटण दाबणं म्हणजे एका मशीनच्या पाठीतल्या पिना उपटून दुसऱ्याच्या पाठीत खोचणं. आपल्याला वाकावं लागत नाही एवढंच. पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या एका गोष्टीत आहे.

स्क्रोल लॉकचं भांडण

बटणाला हात न लावता कीबोर्डवरूनही मशीन बदलता येतं, आणि त्यासाठी कितीतरी डब्यांत स्क्रोल लॉक दोनदा पटापट दाबायची खूण ठेवलेली असते. इतर ठिकाणी ती की धूळ खात पडलेली असते, म्हणून बनवणाऱ्यांनी ती निवडली. आपल्याकडं मात्र तिला उसंत नाही. नुडीत कन्नड-इंग्रजी अदलाबदल स्क्रोल लॉकनंच होते आणि माझ्या मराठी सॉफ्टवेअरलाही मी तीच की नेमून ठेवलेली. पोरगी पत्रिकेत मधे एखादा इंग्रजी शब्द टाकायची, परत मराठीत यायला स्क्रोल लॉक दाबायची, दिवा लागला नाही असं वाटलं की लगेच पुन्हा दाबायची. टक-टक. डबा बिचारा हुकूम पाळायचा.

डब्याबरोबर आलेला इंग्रजी चिठोरा फेकू नका, त्यात ही खूण बदलायची रीत असते. पुष्कळ डब्यांत स्क्रोल लॉकऐवजी नम लॉक किंवा कंट्रोल दोनदा, असा पर्याय मिळतो. कोरलवर काम करणाऱ्यानं कंट्रोल घेऊ नये, दिवसभर बोट तिथंच असतं. माझ्या डब्यात ही सोयच बंद करता आली, मी ती बंद केली. आता टेबलाच्या कडेला वायरवरचं बटण चिकटवलंय. नवा डबा घेणार असाल तर असं वायरचं बटण असलेलाच बघा. डबा मागं राहतो आणि केबलांचं जंजाळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर येत नाही.

उलटी तक्रारही येते : खूण दाबली तरी काहीच होत नाही. आधी कीबोर्ड कुठं खोचलाय ते बघा. डब्यावर कीबोर्डचं चित्र असलेली पिन (केबल खोचायची जागा) वेगळी आणि साधी यूएसबी वेगळी. साध्या यूएसबीत लावलात तर टायपिंग होतं, पण डबा तुमच्या कीकडं लक्ष देत नाही. रंगीत दिव्यांचे गेमिंग कीबोर्ड आणि काही वायरलेस कीबोर्डही डब्याला उमगत नाहीत. त्यासाठी एक साधा वायरचा कीबोर्ड कपाटात असू द्यावा. मशीन सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जायला एफ२ किंवा डिलीट दाबून उपयोग होत नसेल तेव्हाही तोच कामाला येतो, थेट सीपीयूला लावून.

पेन ड्राइव्ह डब्यात लावू नका

ही चूक मी स्वतः केली, म्हणून जरा तपशिलात सांगतो. डब्यावर दोन जादा यूएसबी पिना होत्या, समोरच, हाताशी. खानापूरहून आलेल्या एकानं पेन ड्राइव्ह दिला, मी तिथंच लावला. पत्रिकेची फाइल पेन ड्राइव्हवर सेव्ह होत होती. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक पाटीचं विचारायला आलं आणि मी बटण दाबलं. जुन्या मशीनच्या दृष्टीनं कुणीतरी चालू कामात पेन ड्राइव्ह उपटला होता. फाइल अर्धवट राहिली, उघडेना. रात्री साडेनऊपर्यंत बसून पत्रिका पुन्हा जुळवली. निमंत्रकांची नावंच तीसेक होती, आणि त्यांचा क्रम चुकला तर लग्नात भांडण!

तेव्हापासून डब्यात कीबोर्ड आणि माऊस सोडून काही लावत नाही. सॉफ्टवेअरचं लॉक डब्यात लावलं, तर मशीन बदलताच लॉक सापडत नाही म्हणून सॉफ्टवेअर अडून बसतं. ते थेट सीपीयूच्या मागं हवं. प्रिंटरही तसाच, एका मशीनला लावून नेटवर्कवर शेअर करा. एक्सटर्नल हार्ड डिस्कचं तर नावच नको. यूएसबी २.० ची पिन नियमानं ५०० मिलिअँपिअर देते. बिनअडॅप्टरचा डबा त्यातच स्वतः जगतो, त्यातच कीबोर्ड, त्यातच माऊस. हार्ड डिस्कला उरणार काय? माऊस अधूनमधून मरून परत जिवंत होत असेल तर आधी डब्याला अडॅप्टर लावून बघा.

खिडक्या गोळा होतात, चित्र फाटकं दिसतं

मशीन बदलून परत आलात की सगळ्या विंडो एका कोपऱ्यात जमल्यात, अक्षरं मोठाली झालीत? मॉनिटर आपली ओळख, म्हणजे मॉडेल काय, किती पिक्सेल चालतात, ही केबलमधून कॉम्प्युटरला सांगत असतो. तिला ईडीआयडी म्हणतात. स्वस्त डब्यात बटण दाबलं की मागच्या मशीनला ही ओळख मिळायची बंद होते. मॉनिटर गेला असं समजून ते स्वतःच्या मनानं कमी रिझोल्यूशन लावून बसतं. चांगल्या डब्यात ईडीआयडी इम्युलेशन असतं, तो मॉनिटरच्या वतीनं हजेरी लावत राहतो. विकत घेताना विचारायचा मुख्य प्रश्न हाच. दुकानदाराला माहीत नसेल, तर नसलेलंच धरा.

कधी दोष डब्याचा नसून मॉनिटरचा असतो. इनपुट ‘ऑटो’वर असेल तर क्षणभर सिग्नल तुटताच तो दुसऱ्या पिनेवर शोधाशोध करायला जातो. मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट पक्कं करून टाका.

१९२० बाय १०८० चा मॉनिटर असेल तर बहुतेक डबे पुरतात. फोर-के असेल तर डब्यावर एचडीएमआय १.४ आहे की २.० ते वाचा. १.४ वर फोर-के सेकंदाला ३० वेळाच रंगतं, माऊसचा बाण अडखळल्यासारखा दिसतो. ६० साठी २.० लागतं, आणि केबलही त्या तोडीची. जुन्या सीपीयूला फक्त निळी व्हीजीए पिन असेल तर साधी जोडवायर चालत नाही, मधे सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो. कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट (चित्राचीच, पण वेगळ्या जातीची पिन) असं असेल तरीही तेच. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडं जाणारी स्वस्त वायर उलट्या दिशेनं चालत नाही.

अर्थिंग

याकडं कुणी बघत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत महागात हीच चूक पडते. जुन्या घरांत, जुन्या गाळ्यांत तीन पिनांचा बोर्ड दिसतो, पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला खरखराट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळं सीपीयूच्या पत्र्यावर २३० व्होल्टच्या जवळपास निम्मा दाब येऊन बसतो. करंट अगदी किंचित, म्हणून हाताला फक्त झिणझिण्या येतात. एकटा सीपीयू असतो तेव्हा हे खपून जातं. केव्हीएम लावलात की दोन सीपीयू, मॉनिटर, डबा यांचे पत्रे एकाच धाग्यात बांधले जातात. एक अर्थिंगच्या बोर्डवर, दुसरा बिनअर्थिंगच्या, अशा वेळी चालू मशीनमध्ये एचडीएमआय खोचताना पिनेवर ठिणगी उडते आणि पोर्ट जातो.

दोन्ही मशीन, मॉनिटर आणि डब्याचा अडॅप्टर एकाच, अर्थिंग तपासलेल्या बोर्डवर घ्या. वायरमनला टेस्ट लॅम्प लावून दाखवायला सांगा, ‘आहे की साहेब’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. केबल लावताना-काढताना सगळं बंद, प्लग बाहेर. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या विजांत दुकान बंद करताना मी अख्खा बोर्डच उपटून ठेवतो. एकच सीपीयू यूपीएसवर ठेवायची काटकसर करू नका. लाइट गेली की मॉनिटर आणि डबा यूपीएसवर नसल्यामुळं चालू मशीनही आंधळं होतं.

लॅपटॉपवाल्यांसाठी

माझा भाचा बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरून करतो. त्याला कंपनीचा लॅपटॉप आणि स्वतःचा पीसी एका टेबलावर हवे होते. त्यानं यूएसबी-सी चा डबा आणला, चित्र येईना. यूएसबी-सी ची पिन दिसली म्हणजे तिच्यातून चित्र येतंच असं नाही, लॅपटॉपमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे त्याच पिनेतून चित्र पाठवायची सोय, असावी लागते. लॅपटॉपचं मॉडेल बघून ते आधी तपासायचं, डबा नंतर.

मॉनिटरला दोन इनपुट असतील तर चित्राचा डबा लागतही नाही. दोन्ही मशीन थेट मॉनिटरला, आणि कीबोर्ड-माऊससाठी फक्त यूएसबी स्विच. इनपुट मॉनिटरच्या बटणानं बदलायचं. दोन बटणं दाबावी लागतात, पण स्वस्तात ईडीआयडीची कटकट जाते. दोन्हींवर विंडोज १० किंवा ११ असेल आणि प्रत्येकाला स्वतःचा मॉनिटर असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं माऊस विदाउट बॉर्डर्स फुकट आहे. चार मशीनपर्यंत एकच माऊस फिरतो. मात्र दोन्ही एकाच नेटवर्कवर हवीत, एक वायफायच्या गेस्ट नेटवर्कवर असेल तर ती एकमेकांना बघत नाहीत. कंपनीच्या लॅपटॉपवर असलं काही न विचारता टाकू नका, भाच्यालाही मी तेच बजावलं.

वायरलेस माऊस डब्याजवळ आणला की अडखळतो, हे त्याच्याच टेबलावर पाहिलं. यूएसबी ३.० च्या पिनेतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर पसरते आणि माऊसचं रिसीव्हर त्याच पट्ट्यात बोलतं. हातभर एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर माऊसजवळ आणला, प्रश्न मिटला.

काही चालेनाच, तर

आधी डबा मधून काढा. एक मशीन थेट मॉनिटरला, कीबोर्ड थेट सीपीयूला. इथंच बिघाड दिसला तर डब्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. इथं ठीक असेल तर सगळं बंद करून पुन्हा जोडा : आधी मॉनिटर आणि डबा चालू, मग पहिलं मशीन, ते डेस्कटॉपवर आलं की बटण दाबून दुसरं. तरी नाही, तर दोन मशीनच्या केबलांची आपसांत अदलाबदल करा. दोष केबलबरोबर सरकला तर केबल बदला, त्याच पिनेवर राहिला तर डब्याची ती बाजू गेली. मशीन झोपेतून उठल्यावरच कीबोर्ड मरत असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची टिक काढून टाका.

आणि दोन्ही मशीनचे वॉलपेपर वेगळ्या रंगाचे ठेवा. जुन्याला मी लाल लावलाय, नव्याला हिरवा. त्याआधी मी एकदा मराठी मशीन समोर आहे असं समजून, कीबोर्डकडं बघत ‘श्री गणेशाय नमः’ बडवलं आणि मान वर केली, तर जीएसटीच्या पासवर्डच्या चौकटीत काळ्या ठिपक्यांची रांग.