शेती-अन्नधोरणावर सरकारला लिहिताय? आधी या चुका टाळा

कांद्यावरून एकदाही निवेदन दिलं नाही असं गाव नाशिक जिल्ह्यात सापडणं अवघड आहे. निवेदनं उदंड होतात, पण जिथे निर्णय होतो त्या टेबलापर्यंत त्यातली फार थोडी जातात. मी शेतकरी गटांना आणि शहरातल्या ग्राहक मंडळांना पत्रं, हरकती-सूचना, माहिती अधिकाराचे अर्ज लिहायला मदत करते. दर हंगामात त्याच चुका दिसतात, आणि त्यापायी माणसं "काही उपयोग नाही" म्हणून घरी बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. उपयोग असतो. कागद नीट गेला पाहिजे.

दार चुकतं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. "निर्यातबंदी उठवा" ही मागणी तहसीलदारांकडे देऊन माणसं परत येतात. शेती आणि बाजार समित्या हे राज्याचे विषय, परदेशी व्यापार केंद्राचा. बरं, केंद्रातही एकच दार नाही. २०२३ चा कांदा आठवा. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ते अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनेने. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून स्वस्त माल परदेशी पाठवता येत नाही) आलं आणि ७ डिसेंबरला थेट बंदी; हे दोन्ही कागद वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या परकीय व्यापार महासंचालनालयाचे. भाव आवरायला सरकार जो बफर साठा ठेवतं, त्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था कांदा घेतात, तो ग्राहक व्यवहार विभागाच्या भाव स्थिरीकरण निधीतून. आणि आपली पत्रं जातात कृषिमंत्र्यांच्या नावाने.

त्या डिसेंबरात निफाड तालुक्यातल्या एका गावाने घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या. पत्र वाणिज्य मंत्रालयाला पाठवा, प्रत खासदारांना द्या, असं मी सांगितलं होतं. गावातले एक आबा म्हणाले, "ताई, आपल्या ओळखीचे साहेब आहेत, ते पुढं धाडतील." पत्र साहेबांकडे गेलं. तिथून "योग्य त्या कार्यवाहीसाठी" दुसऱ्या कार्यालयात वर्ग झालं. त्या कार्यालयाने विषयात "कांदा" वाचला आणि ते बाजार समितीकडे पाठवून दिलं. म्हणजे ज्या आवारात लिलाव बंद पडले होते तिथेच कागद येऊन थांबला. पुढे ४ मे २०२४ ला केंद्राने बंदी उठवली, टनाला ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. तोवर या गावाचा कागद जिल्ह्याबाहेर गेलाच नव्हता. एवढ्या सह्या, एवढी पायपीट, आणि दिल्लीच्या कुठल्याही फायलीत त्या गावाचं नाव नाही.

माझी सवय अशी: लिहायला बसण्याआधी मूळ अधिसूचना ई-गॅझेटच्या, म्हणजे सरकारी राजपत्राच्या संकेतस्थळावरून उतरवून घेते. वर मंत्रालयाचं नाव असतं, क्रमांक असतो, तारीख असते. तोच क्रमांक पत्राच्या विषयात टाकते. असं पत्र दुसऱ्या टेबलावर ढकलायला जागा राहत नाही.

हमीभावाचंही तसंच. कृषी मूल्य व खर्च आयोग २२ पिकांच्या हमीभावाची शिफारस करतो. मका, सोयाबीन, बाजरी, तूर त्यात आहेत. कांदा, टोमॅटो, द्राक्षं नाहीत. भाव कोसळल्यावर नाशवंत मालासाठी बाजार हस्तक्षेप योजना आहे, पण ती राज्याच्या प्रस्तावावर सुरू होते, म्हणजे पहिलं पत्र मुंबईला. कांदा हमीभावाच्या यादीत आणा, ही मागणी करायला काहीच हरकत नाही, ती केंद्राकडे करा. मात्र "यंदा कांद्याचा हमीभाव वाढवा" असं लिहिलेलं पत्र वाचणारा पहिल्याच ओळीला बाजूला ठेवतो.

एकच मजकूर, हजार माणसं

केंद्राचं २०१४ चं धोरण सांगतं की कायद्याचा मसुदा लोकांसमोर किमान ३० दिवस ठेवावा. कायदा नसेल तर मुदत आणखी कमी मिळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कृषी पणनाच्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा आला तेव्हा सूचनांसाठी आधी १५ दिवसच दिले होते. एवढ्या घाईत व्हॉट्सॲपवर एक तयार पत्र फिरतं, खाली आपलं नाव टाकायचं आणि पुढे पाठवायचं. नव्या मंडळींना हे फार आवडतं. दोन मिनिटांत देशकार्य झाल्यासारखं वाटतं. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. हजार जणांनी तोच मुद्दा त्याच शब्दांत लिहिला, तर वाचणाऱ्याच्या हाती एकच मुद्दा लागतो. आणि तयार पत्र ज्याने लिहिलं त्याने मसुदा वाचलाय का, हे कोणी विचारत नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बियाणे विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी आला. चांदवडकडच्या एका गावात समाजमंदिरात बैठक होती. पोरांनी मोबाइलवर पत्र तयार ठेवलं होतं, सगळं "जाचक", "काळं", "शेतकरीविरोधी". कोणतं कलम, ते कुठेच नाही. मागे एक काकू बसल्या होत्या, मांडीवर वही. मी वही मागितली. पानाला बियाण्याच्या पिशवीचं लेबल डिंकाने चिकटवलेलं: लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवणशक्तीचा टक्का. खाली त्यांच्या अक्षरात रोप टाकल्याची तारीख, लावणीची तारीख, मजुरी, आणि नंतर एक ओळ: "पात उंच झाली, निम्म्या वाफ्यात डेंगळे." डेंगळे म्हणजे कांदा पोसण्याऐवजी वर येणारे फुलाचे दांडे. तक्रार कोणाकडे दिली, पाहणीला कोण आलं, काय बोलून गेलं, तेही लिहिलेलं. दुकानाची पावती पानात घडी घालून ठेवलेली.

फसव्या बियाण्याची भरपाई शेतकऱ्याला कशी आणि किती दिवसांत मिळावी, यावर त्या खोलीतला सगळ्यात भक्कम पुरावा ती वही होती. आणि काकू एका बाजूला गप्प बसल्या होत्या, कारण त्यांना वाटत होतं की इंग्रजी येणाऱ्यानेच बोलायचं असतं. त्या रात्री आम्ही तयार पत्र बाजूला ठेवलं आणि त्यांचं पत्र लिहिलं. २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात, वाणाने सांगितल्याप्रमाणे उत्पन्न दिलं नाही तर भरपाई मागण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात ती मागायला किती दारं झिजवावी लागतात, हे त्या पानावरून दिसत होतं. पोरांपैकी दोघांनी मग आपापल्या घरच्या पावत्या शोधून आणल्या. उरलेल्यांनी तेच तयार पत्र पाठवलं. त्यांना समजावून मी थकले आहे.

माझं पत्र एका पानाचं असतं. कलम क्रमांक, आपल्या शेतात किंवा घरात काय घडलं, आणि त्या कलमात नेमका कोणता बदल हवा. "विधेयक रद्द करा" असं लिहायचं असेल तरी लिहा, पण त्याखाली "ते शक्य नसेल तर कलम अमुक असं करा" हेही लिहा.

उशीर

भाव पडल्यावर किंवा बंदी आल्यावर लिहिणं म्हणजे गाडी गेल्यावर तिकीट काढणं. वर दिलेल्या तारखा पुन्हा बघा: ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर. साठवणुकीच्या चाळीतला उन्हाळ कांदा संपत येतो, लाल कांदा अजून पुरेसा आलेला नसतो, शहरात भाव चढतो आणि दिल्ली हलते. म्हणून पत्र मे-जूनमध्ये गेलं पाहिजे, चाळ भरतानाच: किती भरला, कोणत्या खर्चाने, घट किती धरली. खरिपाचे हमीभाव साधारण जूनच्या सुमारास जाहीर होतात आणि रब्बीचे ऑक्टोबरच्या. आयोगाचं काम त्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, तेव्हा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सूचना पाठवणाऱ्यांना काय सांगावं?

"का" विचारणारा माहिती अर्ज

"निर्यातबंदी का घातली?" असा माहिती अर्ज कोणीतरी दरवर्षी करतं आणि "हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर घेऊन चिडतं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. कागद मागा: त्या निर्णयाच्या फायलीतल्या टिपण्या, कोणत्या विभागाने काय अभिप्राय दिला, बफरसाठी कोणत्या केंद्रावर किती कांदा कोणत्या दराने घेतला. १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज मराठीतही चालतो. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. बहुतेक जण इथेच सोडून देतात.

खासदारांकडे हार घेऊन जाणं

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्याकडे कांदा किती गाजला ते सगळ्यांनी पाहिलं. पण मत पाच वर्षांतून एकदा. अधिवेशनात खासदार प्रश्न विचारू शकतात, आणि त्याचं उत्तर मंत्र्यांना लेखी किंवा सभागृहात उभं राहून द्यावं लागतं. त्यासाठी किमान १५ दिवस आधी सूचना लागते. म्हणून अधिवेशनाची तारीख कळताच तयार प्रश्न घेऊन जा: एक विषय, चार-पाच ओळी, आकडा मागणारा. "शेतकऱ्यांच्या समस्यांवर आवाज उठवा" यातून प्रश्न बनत नाही. लोकसभेकडे थेट याचिकाही करता येते, मात्र ती खासदारांमार्फत मांडायची असेल तर त्यांची प्रतिस्वाक्षरी हवी, आणि मूळ मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भाषा सभ्य ठेवा. शिवीगाळ असलेली याचिका तिथे टिकत नाही.

शहरातल्यांचं "हे आमचं नाही"

नाशिक शहरात कॉलेज रोडवर राहणारी मैत्रीण म्हणते, शेतीचं शेतकरी बघतील. पण कांद्यावरचे निर्णय बऱ्याचदा तुझ्याच नावाने होतात, बाई! ग्राहक व्यवहार विभाग किरकोळ भाव रोज बघत असतो. एखाद्या ग्राहक मंडळाने "आम्हाला वाजवी भाव मान्य आहे, मधल्या साखळीचा हिशेब द्या" असं लिहिलं, तर ते शेतकऱ्याच्या पत्राइतकंच, कदाचित जास्त वजनाचं ठरेल. पाकिटावरच्या लेबलांपासून भेसळीपर्यंतचे नियम अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण ठरवतं आणि त्यांचे मसुदेही सूचनांसाठी खुले होतात. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात रेशन दुकानांसाठी दक्षता समित्या आणि सामाजिक लेखापरीक्षण आहे. आपल्या दुकानाच्या समितीत कोण आहे, एवढं तरी विचारून या.

एकेका ओळीत

एका निवेदनात सतरा मागण्या घालू नका, एक घाला.

केंद्राच्या तक्रार पोर्टलवर धोरणाची सूचना टाकू नका. ते थकलेल्या अनुदानासारख्या तक्रारींसाठी आहे.

ग्रामसभेचा ठराव जोडायचा असेल तर सरपंचांचं पत्र पुरत नाही. इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल घ्या.

आंदोलन करा, पण मागणीचा कागद खिशात ठेवून. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या लाँग मार्चने सरकारकडून लेखी आश्वासन घेतलं, तेव्हाच तो थांबला.

पोहोच न घेणं

निवेदन देताना सगळे फोटोला उभे राहतात, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं, आणि आवक क्रमांक, म्हणजे कार्यालयात कागद आल्याच्या नोंदीचा क्रमांक विचारला की एकमेकांकडे बघतात. दुसरी प्रत सोबत न्या. आवक खिडकीवर शिक्का, तारीख, क्रमांक आणि सही घ्या. "साहेब आत आहेत, ठेवून जा" म्हटलं तरी शिक्क्याशिवाय हलू नका. दिल्लीला पाठवताना स्पीड पोस्टची पावती त्याच प्रतीला टाचा. मी त्या प्रतीच्या कोपऱ्यात दोन महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवते. त्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही, तर त्याच मंत्रालयाला माहिती अर्ज जातो: अमुक तारखेच्या आमच्या पत्रावर आजवर काय कार्यवाही झाली, त्या टिपण्यांच्या प्रती द्याव्यात.