पडक्या शेतघरासाठी मेटल डिटेक्टर घेताना: आधी लहान कॉइल विचारा

जुन्या शेतघराच्या जागेवर शोध घ्यायला डिटेक्टर घेणार असाल तर बाकी काहीही बघण्याआधी एक प्रश्न विचारा. या मशीनला ५-६ इंचांची लहान कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती) मिळते का? हो म्हणाले तरच पुढचं बोला.

मी हे विचारलं नव्हतं. ‘किती खोल जातं’ एवढंच विचारलं, ११ इंचांची कॉइल बघून खूश झालो आणि मशीन घेऊन एका पडक्या घराच्या जोत्यावर पोचलो. दोन दिवस कानात नुसती लोखंडाची घरघर. मधेच एखादा तुटका चांगला आवाज यायचा, उकरलं की खिळा. त्या मॉडेलला लहान कॉइल निघतच नाही, हे नंतर कळलं. पुढच्या खेपेला मित्राचं मशीन नेलं, ६ इंचांची कॉइल लावलेलं, आणि त्याच जोत्याच्या उंबऱ्यापाशी पितळी बटण निघालं. त्याच्यापासून बोटभर अंतरावर गंजून फुगलेला चौकोनी खिळा रुतला होता. माझी मोठी कॉइल त्या बटणावरून कितीदा तरी फिरली होती.

याचं कारण साधं आहे. घर पडतं, जळतं, लाकूड कुजून जातं, पण खिळे तिथेच राहतात. मोठ्या कॉइलखाली एका वेळी तीन-चार खिळे येतात आणि शेजारचं नाणं त्यांच्या आवाजात बुडून जातं. लहान कॉइलखाली एखाददुसराच येतो. शोधाची खोली थोडी कमी मिळते, मिळू द्या. जोत्याभोवती अडचण खोलीची नसते, दाटीची असते. मोठी कॉइल बाहेरच्या नांगरलेल्या रानासाठी ठेवा. डीडी प्रकारची (आत D आकाराची दोन वेटोळी असलेली) लहान कॉइल मिळाली तर उत्तम, शेजारशेजारच्या वस्तू ती जास्त नीट वेगळ्या काढते.

मग रिकव्हरी स्पीड. काही कंपन्या यालाच रिॲक्टिव्हिटी म्हणतात. एका खिळ्याचा आवाज संपवून मशीन पुढची वस्तू ऐकायला किती पटकन तयार होतं, त्याचा हा वेग. तो कमीजास्त करता आला पाहिजे. मिनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स ८०० मध्ये १ ते ८ पायऱ्या आहेत, त्याच मालिकेतल्या ६०० मध्ये फक्त १ ते ३. वेग वाढवला की खोली थोडी घटते, हे लक्षात ठेवा. आणि मशीन वेगवान आहे म्हणून लहान कॉइल नसली तरी चालेल, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दोन्ही लागतात.

फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे मशीन किती कंपनांचा सिग्नल जमिनीत सोडतं त्यावर, लोक तासन्‌तास वाद घालतात. थोडक्यात, ५ किलोहर्ट्झच्या आसपास चांदी-तांब्याची मोठी नाणी चांगली पकडली जातात, १५ च्या वर बारीक, पातळ वस्तू. मल्टी-फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन, खिशाला झेपत असेल तर घ्या. पल्स इंडक्शनचं (सलग सिग्नलऐवजी विजेचे झटके सोडणारं) मशीन मात्र इथे नको. लोखंड ओळखून वगळणं त्याला फारसं जमत नाही, दिवसभर खिळेच उकराल.

डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू वगळायची सेटिंग) चढवून लोखंड पूर्ण गप्प करू नका. माझी दुसरी चूक हीच. लोखंड खालच्या सुरात, हळू आवाजात ऐकू येऊ द्या, म्हणजे घर कुठे होतं हेही कळतं. लोखंडाचा आवाज स्वतंत्रपणे कमी करता येतो का, हे घेतानाच बघा. वाकडा खिळा, वॉशर, नाल, पत्र्याचा तुकडा कधीकधी चांदीसारखा आवाज देतात. ९० अंशांत वळून पुन्हा कॉइल फिरवा. आवाज गायब झाला किंवा सरकला तर बहुतेक लोखंडच.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजांचा आवाज येऊ नये म्हणून मशीन जमिनीशी जुळवणं, हाताने करता येणारं हवं. आपोआप जुळवत राहणारं ट्रॅकिंग खिळ्यांच्या दाटीत बंद ठेवा, ते जमिनीऐवजी खिळ्यांशीच जुळवून घेऊ लागतं. स्वच्छ जागेवर कॉइल वरखाली करून बॅलन्स करा आणि मग जोत्याकडे या. चुलीच्या राखेची जागा आणि भाजलेल्या विटांचा ढीग मशीनला छळतात, तिथे सेन्सिटिव्हिटी (मशीनची संवेदनशीलता) उतरवा.

पैसे देण्याआधी एक चाचणी कराच. फळीवर चार गंजके खिळे ठेवा, मधे एक नाणं, आणि कॉइल दोन-तीन दिशांनी फिरवा. नाणं ऐकू येतंय का? चाचणी लहान कॉइल लावून करा. विक्रेता मोठीच कॉइल लावून दाखवत असेल तर थांबवा आणि बदलायला लावा. लहान कॉइल ‘नंतर मागवता येईल’ म्हणाला तर ती सध्या खरंच मिळते का, हे स्वतः तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाकीचं पटापट. पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारा छोटा हातातला डिटेक्टर) हवाच. हेडफोन हवेत, पुसट आवाज त्याशिवाय निसटतात. फावडं, जाड हातमोजे, जादा बॅटरी, पाणी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या, सगळं काम गंजक्या लोखंडात आहे. मालकाची परवानगी लेखी घ्या, तिथला कायदा वाचा, संरक्षित जागेवर जाऊच नका. पडकी विहीर कुठे आहे ते आधी विचारून घ्या. खड्डे बुजवा. आणि निघताना पिशवीत हात घालून बघा: लहान कॉइल, तिचा बोल्ट आणि वॉशर.